ग्वेनच्या फाटकासमोरचा पाइप

"आता ग्वेन रडणार, आणि तूच तिच्या पाठीवरून हात फिरवणार," जुलैच्या बैठकीत रोशेल आपल्या मावशीच्या कानाशी पुटपुटली.

व्हर्नामावशीने तिला कोपराने ढोसलं. "हळू बोल. केक तिनंच आणलाय."

आमच्या बेटावरच्या हवामान समितीची बैठक ठरल्यासारखी चाले. आधी व्हर्नामावशी सगळ्यांचं आपल्या पूर्वजांच्या भूमीवर स्वागत करी, कारण बेट मुळात तिच्या आदिवासी लोकांचं; आम्ही बाकीचे मागाहून आलेले. मग देवदाराची फांदी हातोहात फिरे. ती ज्याच्या हाती, त्यानेच बोलायचं. वणव्यांबद्दल, तापलेल्या समुद्राबद्दल माणसं मनापासून बोलत. अध्यक्षीणबाई ग्वेन तर रडतच.

एका गोष्टीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नसे. ग्वेनच्या वडिलांनी फाटकासमोर ओढ्यावरून रस्ता नेताना पाणी खालून जावं म्हणून पाइप घातला होता. त्याचं तोंड पाण्यापासून इतकं उंच, की अंडी घालायला समुद्रातून ओढ्यात येणाऱ्या सॅमन माशांना वर जाताच येईना. दर शरदात मावशीची माणसं मासे बादल्यांतून वर नेत. गेल्या वर्षी जेमतेम अकरा आले.

ग्वेन हळवी, तिला कसं बोलायचं, असं आम्ही म्हणायचो. आमची त्यात किती सोय होती!

त्या जुलैतही ग्वेन बोलता बोलता रडू लागली. मावशी उठली, पण या वेळी तिने फांदी मागून घेतली.

"ग्वेन, तुझं रडणं खोटं नाही. असतं तर वर्षभर तुझा केक खाल्ला नसता मी. पण तू रडतेस, आम्ही तुला सावरतो, आणि बैठक संपते. मलाही दुःख आहे गं. त्या पाइपाचा रागही आहे. त्यांना या खोलीत जागाच मिळत नाही."

फांदी ग्वेनकडे परत गेली. ती म्हणाली, की बाबा भला माणूस, हेच ऐकत ती वाढली. पाइपाचा विचार नुसता मनात आला तरी बाबांनाच कोणी नावं ठेवतंय असं तिला वाटे.

ज्याचं आपण नुकसान केलं, त्याच्याकडूनच सांत्वन करून घ्यायचं, याला पश्चात्ताप म्हणत नाहीत, हे त्या खोलीत आम्हा सगळ्यांनाच तेव्हा उमगलं.

"मासे अडतात हे बाबांना ठाऊक होतं," ग्वेन म्हणाली. "मलाही होतं. यंदा मासे यायच्या आत मी तो पाइप उखडते."