झेंडूनं कोंडलेली ऊर्ध्वगंगा

"चढली गं चढली, गंगा चढली!" कोरेगावच्या बाजूला एका डोंगरावर शे-दोनशे माणसं ओरडत नाचत होती. देवळापुढच्या दगडी गोमुखातून करंगळीएवढी धार पडत होती. ओढा खाली दरीत, आणि मध्ये ना मोट, ना बैल, ना इंजिन. पाणी आपल्या पायांनी डोंगर चढून आलेलं! एक गृहस्थ तर इतके गहिवरले, की शेजाऱ्याच्या धोतराला डोळे पुसून मोकळे झाले.

महायुद्ध संपलं त्या सालची ही गोष्ट. पार पूर्वेकडच्या दुष्काळी माळावरून आम्ही तिघं आलो होतो: आमच्या गावचे पंच नानासो, हरणाबाई आणि मी, शाळामास्तर. गावाची नवी विहीर अर्धी खणून झाली होती. खडक लागला आणि नेमकं तेव्हाच हे ऊर्ध्वगंगा महाराज येऊन सांगून गेले, "भूमातेच्या पोटात पहार खुपसाल तर गंगा रुसेल. काम थांबवा. तुमच्या जुन्या आडावर मी देवी बसवतो, ती घरोघर पाणी चढवील." लगेच पंचांनी पहारी उचलून ठेवल्या. विहीर अर्धीच राहिली तर उन्हाळ्यात बायकांना खालच्या डबक्यावरून टेकाड चढत पाणी आणायचं. गेल्या साली हरणाबाईची सून मनुबाई तिथंच भरल्या घागरीसकट घसरली, ती अजून लंगडते. मला चीड होती ती याची. एकदा डोळ्यांनी बघू, मग महाराजांना कामाची सुपारी देऊ, असं नानासोंनी ठरवलं होतं.

देवी दरीत होती. शेंदूर फासलेला, चांदीचे डोळे चिकटवलेला, हिरवा शालू नेसवलेला बुटका ठोकळा. आतून आवाज येई, ठक्... ठक्...

"ऐका, आईचा श्वास!" महाराज म्हणाले. "ज्याच्या मनात शंका त्याला ठक् ऐकू येतं, ज्याच्या मनात भक्ती त्याला ॐ!"

"मला ठक्‌च ऐकू येतंय की," नानासो माझ्या कानात कुजबुजले. "मास्तर, गावात कुणाला सांगू नगा."

मी लपवलेलं इंजिन हुडकत होतो. रॉकेलच्या वासासाठी चार झुडपं हुंगली. उदबत्तीशिवाय काही सापडलं नाही. हरणाबाईचं लक्ष भलतीकडेच होतं. शालूच्या काठाखालून पाणी भळभळा वाहून ओढ्याला मिळत होतं.

"आवं म्हाराज, वर करंगळीएवढी धार, आन् हितं पाट व्हातोय! एवढं पाणी वाया?"

"तो आईचा वाटा, माउली."

"लय सांडती तुमची आई," हरणाबाई म्हणाली. दुष्काळी माणसाला सांडलेलं पाणी बघवत नाही.

आरती सुरू झाली. वरच्या अंगाला ओढ्याचा डोह होता, त्यात भक्तांनी झेंडूच्या माळा ओंजळी भरभरून सोडल्या. थोड्या वेळानं ठक् थांबलं. डोंगरावरून कोणीतरी ओरडलं, "धार आटली!"

"गर्दीत कोणीतरी शंकेखोर आलाय!" महाराज गरजले. सगळे माझ्याकडे बघू लागले. महाराजांचं तेवढं एक वाक्य खरं होतं.

मी तडक डोहावर गेलो आणि हात घालून चाचपलं. तळाशी दगडांआड जाड नळाचं तोंड, त्यावर जाळी, आणि जाळीवर झेंडूचा लगदा! तो उपसताच नळ गुडगुडला. पण श्वास काही सुरू होईना. महाराज शालूत शिरले. बाहेर नुसते दोन पाय. हरणाबाईनं सरळ शालू उचलला. आत महाराज एक लोखंडी झडप अंगठ्यानं दाबत होते आणि सोडत होते. ठक्. पुन्हा दाबली, ठक्. मग ती आपली आपण चालू लागली.

"अगं बया! देवीला ढकलून चालू करत्यात व्हय!"

झडपेची उघडझाप नीट न्याहाळून मी लोकांना जवळ बोलावलं आणि यंत्र दाखवलं. डोहातलं पाणी नळातून वेगानं उतरतं. त्या वेगानंच झडप फाटकन मिटते. उतारावरची भरली गाडी एकदम अडवली की पोती पुढं फेकली जातात. तसं अडलेलं पाणी थोडंसं या बारीक नळात घुसतं आणि डोंगर चढतं. जोर ओसरला की झडप पुन्हा उघडते. बाकीचं सगळं खाली सांडतं, आणि ते सांडतं म्हणूनच थोडं चढतं. बारीक नळ देवळाकडे चढणाऱ्या पायऱ्यांखाली पुरलेला होता.

"मग म्हाराज ऱ्हाऊ द्या, यंत्रच न्हेऊ की आपल्या गावाला!" नानासो खुलले.

"नानासो, याला वाहतं पाणी लागतं आणि पडायला उतार लागतो. आपल्या आडातलं पाणी उभं. ते पडणार कुठून?"

"आन् एक घागर चढवाया धा सांडायच्या?" हरणाबाई म्हणाली. "आपल्यापाशी धा घागरी असत्या तर हितं कशाला आलो असतो?"

या गडबडीत महाराज केव्हाच पसार झाले होते. त्यांची गंगा मात्र चालूच राहिली. तिथल्या लोकांपाशी वाहता ओढा होता, त्यांना यंत्र सोयीचंच होतं. त्यांनी शालू काढून टाकला आणि डोहात फुलं टाकणं बंद केलं.

वाचकहो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी शालू उचलून बघा. आत खरं यंत्र निघालं, तरी ते आपल्या गावाच्या कामाचं आहे का, हे विचारा. देवाला विचारायचं ते नंतर विचारता येईल.

आम्ही परतलो आणि पहारी पुन्हा खडकावर पडू लागल्या. उन्हाळ्याच्या तोंडाला झरा लागला. पहिली घागर मनुबाईनं रहाटानं ओढली, तशी नानासोंनी कौतुकानं झेंडूची माळ आणली.

"रहाटाला बांधा," हरणाबाई म्हणाली. "हिरीत टाकाल तर बगा!"