पाणी दिलेली सब्बल

मित्रांनो, मी मोहगावजवळच्या संत्र्याच्या बागेतली एक जुनी सब्बल आहे. खड्डे खणायची, दगड उचकटायची जाड लोखंडी कांब! मान जरा वाकडी आहे, पण हसू नका. त्या वाकडेपणाचाच मला अभिमान आहे, ऐका तर खरं!

माझा जन्म सौंसरला, कवडू लोहाराच्या भट्टीत झाला. त्या दिवशी गिऱ्हाइकांची झुंबड होती. कवडूभाऊंनी घाईघाईत मला लालबुंद तापवलं आणि अर्ध्याहून जास्त सरळ पाण्यात बुडवलं. चर्रर्र! याला लोखंडाला पाणी देणं म्हणतात. मी एवढी कडक झाले की कानससुद्धा माझ्यावरून घसरायची. काय मिजास चढली होती मला! आणि बागेतल्या पहिल्याच दगडावर माझं टोक ताडकन उडालं. शी, किती लाज वाटली म्हणून सांगू!

बागेचे मालक पुंडलिकराव तरातरा भट्टीवर आले. "कवडूभाऊ, सब्बल देली का पापड देला?"

"चुकलं भाऊ. घाईत लय पाणी पाजलं म्या."

लोखंडाच्या पोटात बारीक बारीक थर असतात. ओझं पडलं की ते एकमेकांवरून सरकतात, म्हणून लोखंड वाकतं. एकदम पाण्यात बुडवलं की थर जागीच अडकतात. सरकता आलं नाही की मग तडकणंच आलं!

कवडूभाऊंनी मला पुन्हा तापवून राखेत सावकाश निवू दिलं. मग नवं टोक घडवलं, तेवढंच बुडवलं आणि लगेच काढलं. मागची ऊब टोकाकडे येऊ लागली, तसा टोकाचा जादा कडकपणा उतरू लागला. टोक पिवळं झालं, तपकिरी झालं, जांभळं झालं! "आता!" म्हणत त्यांनी ते परत बुडवलं. टोक कडक, अंग लवचिक. वा!

पुढे किती वर्षं राबले. गेल्या उन्हाळ्यात बांधावरचा मोठा दगड घसरला आणि पुंडलिकरावांच्या बायकोचा, शकुबाईंचा पाय खाली अडकला. जवळ फक्त त्यांची मुलगी सुचिता होती.

"सुचिते, पाय जाते वं माहा!"

"भिऊ नको आई, मी हावो न!"

सुचितानं संत्र्याची वाळकी फांदी दगडाखाली घातली. कटकन मोडली! मग तिनं मला घातलं आणि सगळं अंग माझ्यावर झोकून दिलं. माझी मान वाकू लागली. बाप रे, मी घाबरले! पण थर सरकत होते, मी वाकत होते आणि दगड उचलला जात होता.

"आई, वढ पाय!"

पाय सुटला! मला तर नाचावंसं वाटलं.

पण मी वाकडीच राहिले. परवा पुंडलिकरावांनी, मी कशानं वाकले ते न विचारताच, मला भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं. तेवढ्यात शकुबाई झपझप चालत आल्या आणि त्यांनी मला उचलून छातीशी धरलं.

"इले हात लावू नोका. हे वाकली म्हणून मी चालून रायली."

मित्रांनो, वाकडी झालेली वस्तू फेकण्याआधी एवढंच करा. तिनं कोणाचं ओझं उचललं होतं, ते घरात विचारून घ्या.