एकच गाणं, तेवीस वेळा

"बावीस उडवते, एक ठेवते," कॉम्प्युटरवाली म्हणाली. दात काढणारा डॉक्टर ज्या मायेने 'काही कळणारसुद्धा नाही' म्हणतो, त्याच मायेने.

"हात तर लावून बघ," ताई म्हणाल्या.

ताई म्हणजे हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागातल्या मदतनीस. खुबा बदललेल्या, झटका येऊन अर्धं अंग गेलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणं, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. ऐंशी वर्षांचे आजोबाही त्यांना ताईच म्हणत. जिच्या खांद्यावर सगळा भार टाकायचा, तिला वयाने लहान समजणं परवडत नाही.

विभागाचा जुना कॉम्प्युटर मागच्या आठवड्यात वारला. त्यातलं सगळं नव्यात ओतताना फोल्डर विरघळले आणि गाणी एका ढिगात येऊन पडली. ढिगात नावाड्याचं एक जुनं गाणं तेवीस वेळा होतं. नव्या कॉम्प्युटरने त्यांची यादी करून वर लिहिलं, 'दुबार नोंदी'.

"ताई, नाव एक, गायक एक. चुकून कॉपी झालीत."

"चुकून? एकेकावर दोन-दोन दिवस घासलेत मी!"

प्रकार असा होता. डोकं चालणं विसरलं तरी पाय गाणं विसरत नाहीत. फक्त गाण्याने पायासाठी थांबायला हवं. म्हणून ताई प्रत्येक पेशंटसाठी तेच गाणं त्याच्या चालीप्रमाणे ओढत, दाबत, मध्येच तोडत. माणसाचं नाव फोल्डरवर असे. गाण्यावरही घालावं, हे त्यांना कधी सुचलं नाही. बरणीवर 'साखर' लिहिल्यावर दाण्यादाण्यावर कोण लिहितं?

तेवढ्यात व्यवस्थापक साहेब आले.

"एक गाणं पुरे," साहेब म्हणाले. "सगळे एका तालात चालले तर बिघडलं कुठं? शिस्त लागेल."

"साहेब, ही माणसं सैन्यात भरती झालेली नाहीत. इथं झालीत."

"नव्या कॉम्प्युटरमध्ये कचरा नको."

"जागा कमी आहे का त्यात?"

"जगातली सगळी गाणी मावतील," कॉम्प्युटरवाली प्रामाणिकपणे म्हणाली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं.

"प्रश्न जागेचा नाही, तत्त्वाचा आहे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुठलं कुणाचं ते दाखवा. ज्याला मालक नाही, ते उडणार."

"लाव गं," ताई म्हणाल्या.

समोरच्या बाकांवर बावीस पेशंट बसले होते. त्यांच्यापुढे चालायचा बोळ होता. दोन्हीकडे कठडे, मधून एक माणूस आणि त्याचा हट्ट, एवढंच मावेल असा.

पहिलं गाणं लागलं. यातला नावाडी दर सहा पावलांनी गप्प होत होता. निवृत्त पोस्टमन उठले. सहा पावलं टाकली, थांबले. परत सहा, परत थांबले.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"दर घराला थांबायची सवय आहे पायांना," पोस्टमन म्हणाले. "चाळीस वर्षांची. झटक्यानं उजवा हात नेला, ही ठेवली."

दुसरं गाणं चक्क लंगडत होतं.

"अगंबाई, माझं!" शिंपीणकाकू उठल्या.

"काहीतरीच. माझं आहे ते," गुडघा बदललेले फुटबॉलचे रेफरी म्हणाले आणि आधी घुसले. तिसऱ्या पावलाला त्यांचा तोल गेला, ताईंनी कंबरेला धरलं.

"फाउल," काकू म्हणाल्या आणि त्याच गाण्यावर बोळाच्या टोकापर्यंत जाऊन आल्या.

असं एकेक लागत गेलं. एका गाण्यावर साहेब नकळत येरझारा घालू लागले, तेव्हा बाकावरून एक आजी ओरडल्या, "ओ साहेब, ते माझं! तुमचं तुम्ही बनवून घ्या!"

कॉम्प्युटरवाली आता न सांगता नावं लिहीत होती. सुट्टीला पाच मिनिटं असताना बावीस झाली. तिने तेविसावं लावलं.

एक शब्द आला. मग नुसतं वल्ह्याचं पाणी. बऱ्याच वेळाने दुसरा शब्द. बाकावरून कुणीच उठलं नाही.

"बिघडलंय हे," साहेब म्हणाले.

"अगदी बरोबर आहे," ताई म्हणाल्या.

"मग मालक?"

कॉम्प्युटरवालीने हळूच विचारलं, "बऱ्या झालेल्यांची ठेवता का ताई तुम्ही?"

"छे! आपल्या पायांनी फाटकाबाहेर गेलं माणूस, की त्याच दिवशी पुसते. संग्रहालय आहे का हे?"

"मग हे?"

"शाळेतली शिपाईबाई होती. घंटा द्यायची." ताईंनी कठड्यावरचा रुमाल उचलून पुन्हा तिथेच ठेवला. "ती चालत नाही गेली."

बाकावर कुणीतरी खोकलं. साहेबांनी आवाज खाली आणला. "वाईट झालं. पण ताई, मालक नाही म्हटल्यावर..."

"आहे," ताई म्हणाल्या. "पहिल्यापासून लाव."

त्या बोळाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. पहिल्या शब्दाला उजवा पाय. मग पाणी. धडधाकट बाईला इतकं सावकाश चालणं जमत नाही, पोटऱ्या थरथरतात. ताईंच्याही थरथरल्या. कठड्याला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्या शब्दाला डावा पाय.

"पेशंटच्या जागी मी आहे. लिही माझं नाव," त्या मागे न बघता म्हणाल्या. कॉम्प्युटरवालीने लिहिलं.

सुट्टीची वेळ झाली. साहेबांना जेवायला जायचं होतं आणि दार बोळाच्या पलीकडे होतं. ते ताईंच्या मागे आले. बाजूने जागा आहे का पाहिलं. नव्हती. मग तेही शब्दाला पाऊल, पाण्याला थांबा, असे मागोमाग निघाले.

नवव्या पावलाला गाणं संपलं. ते तेवढंच होतं. तिचं तेवढंच चालून झालं होतं.

दार अजून चार पावलं दूर होतं. ताई थांबल्या. साहेब त्यांच्या मागे, एक पाय पुढे ठेवून, उभे राहिले.