पितळी झाकणावरचा मासा

माझ्या जिभेला हाड नाही, हे लग्न ठरतानाच माझ्या आईने अंबरीशला सांगून टाकलं होतं. "आमची भार्गवी मनाने चांगली आहे हो, पण बोलते फार. ऐकून घ्यावं लागेल." तो म्हणाला, "घेईन की." आणि एकवीस वर्षं घेतलं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ऑफिसातच त्याचं हृदय बंद पडलं आणि माझं ऐकून घेणारा माणूस गेला. आता हे तुम्हाला सांगतेय, तर तुम्ही ऐकून घ्या.

आमच्या नेदरलँड्समधल्या, रायस्वाइकच्या घरात हॉलच्या भिंतीवर तीन बंदुका टांगलेल्या आहेत. दचकू नका. दोनशे वर्षांपूर्वीच्या आहेत, चकमकीच्या ठिणगीने उडणाऱ्या. इथल्या कायद्याच्या लेखी त्या शस्त्रं नाहीत, जुन्या वस्तू आहेत. तरी माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या बायका त्यांच्याखालचा सोफा सोडून समोरच्या खुर्चीत बसतात.

हा नाद अंबरीशला अमेरिकेत लागला. लग्नानंतर दोन वर्षं आम्ही व्हर्जिनियात होतो, अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पायथ्याशी, त्याच्या प्रोजेक्टसाठी. एका रविवारी तिथल्या खेड्यातल्या म्युझियममध्ये त्याने अशी लांबलचक, सडपातळ बंदूक पाहिली आणि तास झाला तरी हलेना. माझा भुकेने जीव चाललेला. मी ओरडले तेव्हा म्हणतो कसा, "अगं, एका माणसाने केलीय ही. एकट्याने! लोखंडाची पट्टी तापवून नळी वळवली, आत आटे पाडले, मेपलचा दस्ता कोरला. स्क्रूसुद्धा हाताने कापलेत. आम्ही चाळीस जण मिळून अ‍ॅपमधलं एक बटण करतो, आणि सोमवारी तेही चालत नाही."

नेदरलँड्सला आल्यावर त्याने एकेक करत तीन जमवल्या. डोंगरातल्या त्या जुन्या कारागिरांच्याच, दुसरी कुठलीही बंदूक त्याला नको असायची. मधली सगळ्यात साधी. तिच्या दस्त्यात एक छोटा कप्पा आहे आणि त्याला पितळेचं झाकण. त्यात म्हणे तेल लावलेल्या कापडाच्या चकत्या ठेवायचे आणि गोळी चकतीत गुंडाळून नळीत ढकलायचे. बंदुकीवर कारागिराचं नाव नव्हतं. अंबरीशला एकच ध्यास होता, ही कुणी केली ते शोधून काढायचं. "ज्याने एवढा जीव ओतला, त्याचं नावसुद्धा राहू नये?" असं म्हणायचा.

हार्लेमला अशा हौशी लोकांचं एक मंडळ आहे. अकरा डच म्हातारे आणि आमचा अंबरीश. मंडळाचे प्रमुख मेनेर कोस्टर, निवृत्त घड्याळजी. मेनेर म्हणजे आपल्याकडचं श्रीयुत. कोस्टर बोलले की बाकीच्यांनी मान डोलवायची, असा त्यांचा दबदबा. दर महिन्याला अंबरीश तिकडे जायचा आणि डिसेंबरमध्ये मी त्या सगळ्यांसाठी करंज्या द्यायचे. म्हातारे बोटं चाटत खायचे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरात्र चालू होतं. नवरात्रात माझं मशीन थांबत नाही. एका संध्याकाळी अंबरीश हॉलमधून हाक मारतो, "भार्गवी, इकडे ये, एक गंमत दाखवतो." मी आतूनच ओरडले, "तुझ्या गमती दसऱ्यानंतर! माझे अकरा ब्लाऊज राहिलेत." तो पुन्हा बोलला नाही. त्याचं तेच तर होतं, दुसऱ्यांदा हाक मारायचाच नाही.

मग खंडेनवमी आली. ज्याच्यावर पोट चालतं ते त्या दिवशी पुसायचं, पुजायचं. मी मशीन पुसलं, कात्र्या घासल्या, विळी, स्क्रू-ड्रायव्हर, तिघांच्या सायकली, सगळं लख्ख केलं. अंबरीश ऑफिसात होता. बंदुका तर खरीखुरी शस्त्रं, त्यांचा मान पहिला. आणि मधल्या बंदुकीचं झाकण पाहते तर काय, काळंकुट्ट! पूजेला असलं पितळ मांडलं असतं तर आईने मला उभी सोलली असती. चिंच भिजत घातली, मीठ घेतलं, तारेची घासणी घेतली आणि बसले. चांगली अर्धा तास घासत होते. झाकणात माझं तोंड दिसायला लागलं तेव्हा थांबले.

अंबरीश घरी आला आणि खांद्यावरची बॅगही न काढता तिथेच उभा राहिला.

"किती वेळ घासलंस?" त्याने विचारलं.

"अर्धा तास. मनगट गेलं माझं. कौतुक कर."

"लखलखतंय," तो म्हणाला. मग हातपाय धुऊन आला, बंदुकीवर झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला त्याने श्रीखंडाला हात लावला नाही. मला वाटलं, ऑफिसात काहीतरी बिनसलंय.

त्यानंतरच्या शनिवारी तो बंदूक घेऊन हार्लेमला गेला आणि तोंड पाडून परत आला. मला एवढंच म्हणाला, "मला तिच्यावर एक खूण दिसली होती, पण कोस्टरना काही सापडलं नाही." कुठे दिसली, कशी दिसली, काही नाही. आणि मी? मी काय गप्प बसतेय! "खुणा फक्त तुलाच दिसतात. चष्म्याचा नंबर तपासून घे," असं म्हणाले. पाहुण्यांसमोर म्हणाले. आमच्या लेकीच्या, ऋजुताच्या वाढदिवसाला वीस जणांत म्हणाले. मंडळातही त्याचं हसं झालं होतं, खूणवाले साहेब म्हणायचे त्याला. तोही हसायचा. मला वाटायचं, बरं आहे, मनाला लावून घेत नाही.

या ऑगस्टमध्ये कोस्टर घरी आले. हार्लेमला मंडळाचं प्रदर्शन होतं आणि अंबरीशची आठवण म्हणून त्यांना मधली बंदूक हवी होती. सोबत ठेवायचं कार्डही छापायचं होतं. त्यांनी मसुदा दाखवला. त्यात लिहिलं होतं, कारागीर अज्ञात.

"अंबरीशला शेवटपर्यंत वाटत होतं की तिच्यावर खूण होती," मी म्हटलं.

कोस्टर हलकेच म्हणाले, "तो फार चांगला माणूस होता. पण कधीकधी माणसाला जे हवं असतं तेच दिसतं."

का कोण जाणे, मला राग आला. इतकी वर्षं मीही हेच म्हणत होते, पण परक्या माणसाच्या तोंडून ते ऐकवेना. मी म्हटलं, "त्याच्या टिपणवह्या आहेत. मी पाहते. तोवर कार्ड छापू नका."

तो बंदुकांबद्दल सगळं मराठीत लिहायचा. दिवसभर इंग्रजीत काम, दुकानात डच, मग हे तरी आपल्या भाषेत, असं म्हणायचा. त्यामुळे त्या वह्या वाचू शकणारी या घरात मी एकटीच. ऋजुताला मराठी कळतं, पण अक्षरं जुळवताना घाम फुटतो. एकोणीस वर्षांची घोडी झाली तरी. मी निळी वही उघडली.

"३ ऑक्टोबर २०१९. मधल्या बंदुकीच्या पितळी झाकणावर, खालच्या कोपऱ्यात, टॉर्च आडवा धरल्यावर खूण दिसली. एन आणि एच. खाली छोटा मासा, शेपटी वर वळलेली. फार पुसट, नखाला लागत नाही. रेघांत मळ बसलाय म्हणूनच दिसते. फोटोत येत नाही, म्हणून चित्र काढलं. कोस्टरना फोन केला, ते शनिवारी १२ला बघतील. भार्गवीला दाखवायचं होतं, पण तिचे ब्लाऊज आहेत."

खाली शाईने काढलेलं चित्र होतं. मी पुढचं पान उलटलं.

"७ ऑक्टोबर. खंडेनवमी. झाकण घासलं गेलं. काही उरलं नाही. भार्गवीचं मनगट दुखतंय. तिला सांगायचं नाही. सांगितलं तर ती जन्मभर स्वतःला बोलेल, आणि तिचं बोलणं काय असतं ते मला माहीत आहे."

"१२ ऑक्टोबर. हार्लेम. कोस्टरनी विचारलं, हे कुणी घासलं? जुनं पितळ घासणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. मी म्हटलं, मी."

अहो, मी जमिनीवर बसले. कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. ज्या हातांनी घासलं ते हात मांडीवर घेऊन किती वेळ बसले होते, कोण जाणे. ऋजुता धावत आली, "आई, व्हॉट हॅपन्ड?" मी तिला पहिल्या नोंदीपासून सगळं वाचून दाखवलं.

आणखी एक नोंद होती, तीन वर्षांनंतरची. "कोस्टरनी नवीन सापडलेल्या एका बंदुकीचे फोटो दाखवले. कारागीर नेथन हार्लो. खूण म्हणून मासा, शेपटी वर. घरी येऊन माझं चित्र पाहिलं. तंतोतंत. पण दाखवू कसं? ज्याला खूण सापडली तो स्वतःच ती घासून टाकेल का? मग घरात दुसरं कोण, हे शेंबडं पोरही ओळखेल. ती त्यांना करंज्या देते. तिच्याकडे बघून ते हसलेले मला चालणार नाहीत. मला हसतात ते ठीक आहे. राहू दे."

राहू दे! एवढी वर्षं ज्यासाठी तडफडला ते हातात आलं आणि हा माणूस लिहितो, राहू दे. मी त्याच्या फोटोसमोर उभी राहून त्याला नाही नाही ते बोलले. मूर्ख म्हटलं, गाढव म्हटलं. एकदा तोंड उघडून माझ्यावर ओरडायचं होतंस की रे! मी दोन दिवस रडले असते, चार दिवस अबोला धरला असता, पण तुझं नाव तर राहिलं असतं. तो फोटोतही ऐकूनच घेत होता.

दुसऱ्याच दिवशी मी ट्रेनने हार्लेमला गेले. मंडळाची बैठक चालू होती. अकराच्या अकरा म्हातारे कॉफी पीत बसले होते. मी नमस्कार-चमत्कार केले नाहीत. वही उघडून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "झाकण अंबरीशने नाही, मी घासलं. आमच्याकडे वर्षातून एकदा शस्त्रांची पूजा असते, त्यासाठी. त्याने मला वाचवायला तुमच्याशी खोटं बोलून स्वतःचं हसं करून घेतलं. खूण होती. हे त्याने काढलेलं चित्र, आणि ही तारीख."

एक जण म्हणाला, "बाई, रागावू नका, पण चित्र मागाहूनही काढता येतं."

माझ्या तोंडात कडक उत्तर आलं होतं. तेवढ्यात कोस्टरनी हात वर केला. ते भिंग लावून चित्राकडे पाहत होते. पाहता पाहता त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि डोळे पुसले.

"मासा," ते म्हणाले. "त्याने मला फोनवर सांगितलं होतं, मासा आहे. मी मनात हसलो होतो, बंदूकवाला कशाला मासा काढेल म्हणून. मग मी ते विसरून गेलो. हार्लोची ती बंदूक त्यानंतर तीन वर्षांनी उजेडात आली. तेव्हा मला आठवायला हवं होतं. त्या दिवशी अंबरीश इथेच, माझ्या शेजारी बसला होता."

ते उठले. हातातल्या मसुद्यावरचा 'अज्ञात' हा शब्द त्यांनी पेनने खोडला आणि वर लिहिलं, नेथन हार्लो. ओळख पटवणारे, अंबरीश देवस्थळी.

"आणखी एक ओळ घाला," मी म्हटलं. "खूण आता दिसत नाही, कारण ती घरी घासली गेली. घासणारी, भार्गवी देवस्थळी."

"त्याची काही गरज नाही," कोस्टर म्हणाले. "लोक हसतील."

"चार वर्षं तो हसू झेलत होता. आता माझी पाळी. लिहा."

त्यांनी लिहिलं. प्रदर्शन उघडलं त्या दिवशी मी ऋजुताला घेऊन गेले. लोक कार्ड वाचत होते. एक बाई खरंच हसली. मी तिला म्हटलं, "ती घासणारी मीच." बिचारी ओशाळली आणि माझा हात हातात घेऊन उभी राहिली.

काल खंडेनवमी झाली. गेल्या वर्षी घरात सण नव्हता, त्यामुळे त्याच्याशिवायची ही पहिलीच पूजा. बंदूक अजून हार्लेमलाच आहे, भिंतीवर मधल्या जागी नुसते खिळे. मी मशीन पुसलं, कात्र्या पुसल्या. मग ती निळी वही आणून पाटावर ठेवली, चित्राचं पान उघडून. तिला ना हळद लावली ना कुंकू. फक्त बाजूला कुंडीतला झेंडू ठेवला.

ऋजुताने न सांगता दिवा बंद केला आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. शाईचा मासा नीट दिसला, शेपटी वर वळलेली. मी फोटोकडे पाहिलं आणि म्हटलं, "दाखव रे आता. माझे सगळे ब्लाऊज झालेत."