कंटाळ्याचा तास

भिंगरीच्या आईचं चष्म्याचं छोटं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे पडद्याआड डोळे तपासायची खोली. सुट्टी लागली, घरी लक्ष द्यायला कुणी नाही, म्हणून नऊ वर्षांची भिंगरी दिवसभर दुकानातच असायची. तिथे बघण्यासारखं पुष्कळ होतं, पण प्रत्येक वस्तूसोबत आईचं "हात लावू नकोस" फुकट मिळायचं.

"आई, कंटाळा आला," ती दर थोड्या वेळाने म्हणायची.

ही तक्रार बाबांच्या कानावर गेली आणि घोटाळा झाला. बाबा विमा कंपनीत होते आणि नुकतंच त्यांनी सुजाण पालकत्वाचं एक शिबिर केलं होतं.

"कंटाळा ही तर सुवर्णसंधी!" ते जेवताना म्हणाले. "मुलांना मोकळं सोडलं की त्यांना आपोआप सुचतं."

"मग सोड की," आई म्हणाली.

पण मोकळं सोडायचं तर पद्धतशीर सोडायला हवं. बाबांनी वेळापत्रक केलं. रोज दुपारी नुसतं बसायचं. पुस्तक नाही, मोबाइल नाही. काय सुचलं ते संध्याकाळी बाबांना सांगायचं, आणि काही सुचलं नाही तर का सुचलं नाही तेही सांगायचं.

पहिल्या दिवशी भिंगरीने सांगितलं, "काही नाही सुचलं, कारण सांगायचं काय याचाच विचार करत होते." बाबांनी तिला 'मोकळेपणा कसा आणावा' यावर बराच वेळ समजावलं. त्यानंतर ती शहाणी झाली. दुकानात कंटाळा आला तरी तोंडातून शब्द काढेना.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापिका चष्म्याचा नंबर काढायला आल्या. आईने त्यांना खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड चौकट चढवली, एक डोळा झाकला. समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आईला इतका पाठ होता, की ती त्याच्याकडे कधी वळूनही बघत नसे.

"वाचा बाई, वरून."

"कं," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

आईचा हात भिंगाच्या पेटीवर थांबला. तिच्या तक्त्यात 'कं' नव्हतंच.

"टा. ळा." बाईंनी पुढची ओळ घेतली. "आ. ला. य. काय हो, मला आलाय की तुम्हाला?"

आईने मागे वळून पाहिलं. तक्त्यावर जुन्या जाहिरातीचा कागद उलटा करून चिकटवला होता. त्यावर काळ्या खडूने काढलेली अक्षरं ओळीगणिक बारीक होत गेली होती, अगदी खऱ्यासारखी.

"खालची ओळ काही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हीच वाचा. मला आता उत्सुकता लागली आहे."

आई भिंतीजवळ गेली. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कंटाळा आला म्हटलं की बाबा तास घेतात.'

बाई चौकट धरून इतक्या हसल्या, की आईला तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. काउंटरखाली लपलेल्या भिंगरीला आईने हाक मारली. ती रडवेली होऊन बाहेर आली.

"अक्षरं छान मोजून काढलीस," आई म्हणाली. "फक्त पुढच्या वेळी मला आधी सांग. लोक माझ्या भरवशावर डोळे दाखवतात."

संध्याकाळी बाबांना तक्ता दाखवला. शेवटची ओळ वाचायला त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी नेला, वाचला.

"बघितलंस?" बाबा आईला म्हणाले. "पद्धत लागू पडली!"

रविवारी दुकान बंद असताना बाबांनी तिथेच ओळखीच्या आठ मुलांसाठी तक्ते करायची कार्यशाळा ठेवली. आखलेले कागद, एकसारखे खडू, मनात येईल ते लिहायचं, पण रेषेच्या आत. कल्पकतेला मोकळीक हवी, हे बाबा उभं राहून बराच वेळ सांगत राहिले. एकाने जांभई दिली. ती हळूहळू सगळ्या रांगेत फिरली.

"काका, इथे बसा ना," एक मुलगी म्हणाली. बाबा खूश होऊन तपासणीच्या खुर्चीत बसले. भिंगरीने आईकडे बघितलं. आईने जुनी, ओरखडे पडलेली भिंगं तिच्यापुढे सरकवली. भिंगरीने बाबांना चौकट घातली आणि तीत एकावर एक तीन भिंगं बसवली. जग धुक्यात बुडालं.

"ओळखा मी कोण?" मुलं एकेक करून पुढे येऊन विचारू लागली.

पुढे काय गोंधळ झाला विचारू नका. बाबांनी कपाटाला शाबासकी दिली, पडद्याला रागावले, भिंगरीला 'अहो' म्हणाले. मुलं जमिनीवर लोळून हसत होती. आखलेल्या कागदांच्या टोप्या झाल्या. थोड्या वेळाने बाबाही व्याख्यान विसरून चाचपडत त्यांच्यामागे धावू लागले.

रात्री पालकांचे संदेश आले. मुलं फार खूश होती. तुमची पद्धत काय आहे, पुढची कार्यशाळा कधी?

बाबांनी फोनवरून नजर उचलली. आई त्यांच्याकडेच बघत होती. ते कानापर्यंत लाल झाले.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"खरं ते लिही."

बाबांनी बराच विचार केला आणि लिहिलं, 'पद्धत अजून विकसित होत आहे.'