काल्टेनकोफवरचा वाघ

हॉलंडमधलं बेस्ट हे गाव इतकं सपाट, की तिथली आगगाडीसुद्धा चढाच्या भानगडीत पडत नाही, मुकाट गावाखालच्या बोगद्यातून जाते. लेकीकडे राहायला आलेले दामोदरपंत तर शपथेवर सांगत, की त्यांच्या हातून दारात लिंबू पडलं, ते आठवडाभर तिथंच बसून होतं. घरंगळावं तरी कुणीकडे!

असल्या गावात राहून त्यांच्या मुलीला, विशाखाला, ऑस्ट्रियातलं काल्टेनकोफ शिखर चढायची हौस आली. खरी हौस इरावतीबाईंची, विशाखाच्या आईची. साताऱ्याच्या शाळेत जन्मभर आल्प्स शिकवला आणि पाहिला फक्त फळ्यावर. हिवाळाभर शिखराचा नकाशा स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. पोळी लाटता लाटता बाई वाटा पाठ करत.

वसंतात छातीत दुखलं, स्टेंट बसला, आणि डॉक्टरीणबाईंनी गोड हसून सांगितलं, यंदा डोंगर नाही.

विशाखा बेत रद्द करायला निघाली होती. इरावतीबाईंनीच तिला आणि जावयाला, अभिजितला, दटावून गाडीत बसवलं. गाडी वळली तशी त्यांनी नकाशा काढला, घडी घालून कपाटावर फेकला आणि खिडकीशी जाऊन बसल्या. जेवतेस का, तर "हं". चहा? "हं".

शेतावरच्या वादळी वाऱ्यात उलट्या दिशेने सायकल मारणं दामोदरपंतांना परवडलं असतं, पण हे "हं" परवडेना. तिला पुन्हा बोलतं करायचंच, एवढं त्यांनी ठरवलं.

दिवाळी लांब होती, तरी त्यांनी परसात किल्ला करायला घेतला. खाली विटा, वर पोत्याऐवजी अभिजितची जुनी जीन्स, तिच्यावर चिखल. कपाटावरचा नकाशा हळूच उतरवून त्यांनी डोंगराची सोंड न् सोंड, घळ न् घळ बरोबर उठवली. सुपरमार्केटात अळिवाची कोवळी रोपं डबीत मिळतात, ती कुरणांवर लावली. मग मिशीत हसत तीन चुका केल्या. तांदळाच्या पिठाचं बर्फ दक्षिण उतारावर भुरभुरवलं. सूचिपर्णी झाडं पार खडीच्या घसाऱ्याच्या वर रोवली. आणि जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेला प्लॅस्टिकचा वाघ शिखराखालच्या गुहेत बसवला.

"वा! हुबेहूब!" ते खिडकीकडे पाठ करून ओरडले.

खिडकी खाडकन उघडली.

"अहो, बर्फ दक्षिणेला? सूर्य काय उत्तरेकडून मागवलात?"

"पीठ कुठेही पडतं गं."

"पीठ पडेल, बर्फ नाही टिकत! आणि ती झाडं? तेवढ्या उंचीवर गवत जीव मुठीत धरून असतं, तिथं तुम्ही अरण्य लावलंत, वर वाघही बसवलात!"

"मग कुठे लावू, बाई?"

"सरका."

इरावतीबाई चपला न घालताच बाहेर आल्या. झाडं उपटून खाली रोवली, त्यांच्यावर बुटक्या पाइनचा पट्टा, मग कुरण, मग खडीचा घसारा. बर्फ फुंकर मारून उत्तरेच्या घळीत नेलं. मग बोटाने वाट काढू लागल्या.

"ही चढणाऱ्यांच्या मुक्कामाची झोपडी, तिथून ही सोपी वाट. मार्मोट, त्या गलेलठ्ठ डोंगरी खारी, शीळ घालतात त्या इथं. पूर्वेची सोंड सरळ आहे, पण तिथं लोखंडी दोर धरून जायचं. मी..." बोट थांबलं. "मी सोंडेनेच जाणार होते."

दामोदरपंत तिच्याशेजारी चिखलात बसले.

"जा की मग," ते म्हणाले. "मी खाली पिशव्या सांभाळतो."

बाईंचं बोट दोर धरल्यासारखं सावकाश, थांबत थांबत सोंडेवरून वर गेलं. माथ्यावर टेकलं तेव्हा त्यांना खरोखर धाप लागली होती. डोळे पुसताना गालाला चिखल लागला.

तेवढ्यात विशाखाचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर नुसतं पांढरं.

"आई, टॉपवर आहोत! पण काही म्हणजे काही दिसत नाहीये गं, सगळं धुकं!"

"ओरडू नकोस, दम लागेल. माथ्यावरच्या क्रुसाला पाठ लाव. उत्तरेला तोंड झालं? पायाखाली बर्फाची घळ आहे. डावीकडे तळं, हिरवं, जरा लांबट. त्याच्या पलीकडे..."

शिखरावरची मंडळी धुक्यात उभी राहून ऐकत होती. बेस्टमधून बाई त्यांना आल्प्स दाखवत होत्या.

"आई, तू कुठून बघतेयस?"

"वरूनच," इरावतीबाई म्हणाल्या. "आता उतरा. घसाऱ्यावर सांभाळून."

फोन ठेवल्यावर दामोदरपंतांनी अपराध्यासारखा गुहेकडे हात नेला. त्यावर चापट बसली.

"राहू दे तो."

"आल्प्समध्ये वाघ?"

"मला बाहेर काढायला तोच आला ना?" त्या उठता उठता म्हणाल्या. "चला, चहा टाका. एवढं चढून आलेय, झोपडीत कुणी विचारतसुद्धा नाही."