शून्यानंदांचं निळं अंडं

कापूस ठेवायच्या पत्र्याच्या शेडात त्या महिन्यात एवढी गर्दी व्हायची की चपला ठेवायला जागा उरत नसे. समोर शून्यानंद महाराज, त्यांच्या मागं भगवा पडदा. सकाळी तासभर टाळ कुटून भजन. मधेच महाराज ध्यानासाठी पडद्याआड जात. परत आले की रिकामे हात दाखवत, शाल झटकत आणि मुठीतून अंडं काढत. चांगलं कोमट अंडं.

"शून्य गोल, अंडं गोल," ते सांगत. "शून्यातूनच सगळं येतं. कोंबडी ही निव्वळ माया आहे."

दुकानदार वीरण्णांच्या घरात सात पिढ्यांत अंडं शिजलं नव्हतं. पण ज्या अंड्याला कोंबडीच नाही त्याला मांसाहार कसं म्हणायचं, असा विचार करून ते प्रसाद म्हणून रोज एक ऑम्लेट खाऊ लागले. गल्लीतल्या बायकाही दोन्ही हात पुढं करून अंडी घ्यायच्या. माझे गुडघे गेलेले, म्हणून मी आपली घरातच बसायची.

शेजारी साखराबाई. तिची नवी सून तनुजा उमरीहून येताना तीन तलंगा घेऊन आली होती, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. त्यांचे तुरे लालभडक झाले, तरी अंडं काही दिसेना. साखराबाई रोज खुराड्यात हात घालायची आणि रिकामा हात सगळ्यांना दाखवायची. अगदी महाराजांसारखाच, फक्त पुढचा चमत्कार व्हायचा नाही. हळूहळू गल्लीतल्या बाकीच्या कोंबड्याही, माझी ठिपक्यांची कवडी धरून, अंडी द्यायच्या बंद झाल्या.

महाराजांनी कारण शोधलं. सुनेच्या पायगुणानं कोंबड्या बांधल्या गेल्यात. शुक्रवारच्या आत तिला माहेरी धाडा, अंडी सुरू झाली की आणा.

तनुजानं पिशवी भरून दाराशी ठेवली. ती पिशवी पाहिली आणि मला माझ्या लहानपणची शेजारची सून पारू आठवली. म्हैस आटली म्हणून तिलाही थोडे दिवस माहेरी पाठवलं होतं. पुढच्या वर्षी म्हैस व्याली, घरोघर खरवस वाटला. पारूला आणायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

गुरुवारी उजाडताच मी तनुजाला तिची काळी तलंग आणायला लावली. माझी आई रोज करायची तसं शेपटीखाली बोटानं चाचपून पाहिलं. आत टणक लागलं.

"हाय की. आजच घालील."

"मंग अंडं जातं कुठं, मावशी?"

"ते आता तीच सांगल."

कपड्याची नीळ तेलात कालवून कोंबडीच्या मागच्या अंगाला चोपडली आणि तिला सोडून दिली. शेडात टाळ सुरू झाले तशी काळी तुरुतुरु शेडच्या मागं गेली आणि पत्र्याच्या फटीतून आत शिरली. बाहेर आली की तिला धरून पुढं आण, असं तनुजाला सांगितलं आणि गुडघ्यांना शिव्या देत मी पहिल्यांदाच दर्शनाला गेले.

महाराज ध्यानाहून परतले, शाल झटकली. अंड्यावर निळ्या रेघा होत्या. क्षणभर तेही त्याच्याकडं बघतच राहिले. मग डोळे मिटून म्हणाले, "नीळकंठ. प्रत्यक्ष नीळकंठ प्रकटले."

मोबाईल वर झाले. वीरण्णांनी टोपी काढली. साखराबाई तर रडायलाच लागली.

तेवढ्यात तनुजा कोंबडी काखेत मारून आली. मी कोंबडी घेतली आणि तिची शेपटी सभेकडं केली. बूड निळंशार.

"महाराज," मी म्हणाले, "तुमचं शून्य सापडलं."

टाळ थांबले. त्या शांततेत पडद्यामागून दुसरी एक कोंबडी जोरात कोकलली. अंडं घातल्यावर कोंबडी ओरडतेच; इतके दिवस टाळ कशासाठी होते ते तेव्हा सगळ्यांना कळलं. साखराबाईनं पडदा ओढला. मागं टोपलं, टोपल्यात मऊ सरकी-कापूस, त्यावर माझीच कवडी कोंबडी. तिच्याखाली दोन खरी अंडी आणि एक प्लास्टरचं. जिथं अंडं दिसतं तिथंच कोंबडी अंडं घालते, म्हणून तर आमच्या आया खुराड्यात एक अंडं मुद्दाम मागं ठेवायच्या. महाराजांनी तेच केलं, फक्त खोटं अंडं ठेवून. बाकी सगळ्या पुढं भजनात, मी घरात, परसात बघणारं कोणी नाही.

"म्हंजे एकवीस दिवस मी कोंबडीचंच खाऊन राहिलो?" वीरण्णांनी विचारलं. महाराज तोवर मागच्या फटीतून, कोंबड्यांच्याच वाटेनं गेले होते.

मला त्यांचा फारसा राग नाही. राग आमचाच येतो. जन्मभर कोंबड्या पाळलेल्या बायका आम्ही, आपलीच अंडी हात जोडून घेतली आणि त्यापायी एका पोरीला घालवायला निघालो. कुणी हवेतून अंडं काढून दिलं तर हात जोडू नका, आधी कोंबडी शोधा. गाय आटली, पीक गेलं, लेकरू तापलं, तरी तसंच करा. कारण शोधायला थोडं चालावं लागतं, एवढंच. गुडघे गेलेल्या बाईलाही ते जमतं.

तनुजाची पिशवी साखराबाईनं स्वतः रिकामी केली, साड्या कपाटात ठेवल्या. मग त्या पिशवीत भुसकट भरलं, वर ते प्लास्टरचं अंडं ठेवलं आणि पिशवी खुराड्यात सारली. काळी आता रोज त्यातच बसते.